शेव्हेलचं इंजिन दुसऱ्यांदा बांधताना

ऑइल फिल्टर कापायचा एक कटर मिळतो, डबा उघडायच्या ओपनरसारखा. फिल्टरची टोपी गोल कापून काढायची, आतला घड्यांचा कागद सुरीने सोडवायचा, शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) दाबून तेल पिळून काढायचं आणि कागद उन्हात धरून बघायचा. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये माझ्या शेव्हेल या जुन्या अमेरिकी गाडीच्या फिल्टरचा कागद मी असा धरला, तेव्हा प्रत्येक घडीत बारीक रुपेरी चमक होती. कागदाच्या मागून चुंबक फिरवला तर चमक त्याच्यामागे सरकायची. म्हणजे लोखंड. बेअरिंगचा मऊ थर चुंबकाला दाद देत नाही, तेव्हा बेअरिंग नक्की नव्हतं. उरला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा.

व्हॉल्व्ह कव्हर काढून क्रँक हाताने फिरवला. सहाव्या सिलिंडरचा एक्झॉस्ट रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी दांडी) बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा हलत होता. इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल सिलिंडरांकडे नेणारा भाग) उचलून त्या रॉकरचा लिफ्टर, म्हणजे कॅमवर टेकून वर-खाली होणारा तुकडा, बाहेर ओढला. नव्या फ्लॅट लिफ्टरचा तळ नावाला सपाट असतो, प्रत्यक्षात अगदी किंचित फुगीर असतो. कॅमचा लोब, म्हणजे लिफ्टर उचलणारा उंचवटा, तोही किंचित तिरका घासलेला असतो, त्यामुळे लिफ्टर वर-खाली होताना स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एका जागी पडत नाही. माझ्या हातातल्या लिफ्टरच्या तळाला खळगा पडला होता. माझ्या मुलीने त्यात अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, हा तर चमचा झालाय."

लोब झिजायचं कारण मला माहीत होतं. नवा फ्लॅट टॅपेट, म्हणजे अशा सपाट लिफ्टरचा, कॅम बसवला की इंजिन सुरू होताच ते दोन ते अडीच हजार आरपीएमवर (मिनिटाला फेरे) न्यायचं आणि वीस-तीस मिनिटं तिथेच ठेवायचं, म्हणजे लोबवर तेल भरपूर उडतं. तेलात झिंकचं प्रमाण चांगलं हवं. व्हॉल्व्हना दुहेरी स्प्रिंग असेल तर तेवढ्यापुरती आतली स्प्रिंग काढून ठेवायची. मी स्प्रिंगा काढल्या नव्हत्या, आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल वाहायला लागल्यामुळे पहिली दहा मिनिटं इंजिन नुसतं आयडलवर रखडलं. त्या दहा मिनिटांनी कॅम खाल्ला.

पण मनापासून सांगतो, तो लोब शाबूत राहिला असता तरी मला इंजिन पुन्हा उघडावंच लागणार होतं. पार्ट चांगले होते, त्यांची जोडणी चुकली होती. ताकद वाढवायला निघालेल्यांपैकी बरेच जण तिथेच चुकतात, म्हणून हे सगळं तपशिलात लिहितोय.

गाडी १९७२ ची शेवरोले शेव्हेल मालिबू. आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल गाडी गॅरेजमध्ये आणि मी गाडीखाली. व्हीआयएनमधलं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकातलं, पाचवं अक्षर एच आहे, म्हणजे कारखान्यातून ३५० क्युबिक इंचाचं, टू-बॅरल (दोन तोंडांच्या) कार्ब्युरेटरचं व्ही-८ घेऊन निघालेली गाडी. ब्लॉकच्या मागच्या कडेवर कास्टिंग नंबर ३९७००१०. हा नंबर फार दुर्मीळ नाही, साठच्या दशकाच्या शेवटापासून ऐंशीपर्यंत असे ब्लॉक ढिगाने ओतले गेले. पण हा या गाडीचा आहे, आणि तो या गाडीतच राहावा अशी माझी इच्छा होती. पुढचे बरेच निर्णय त्या एका इच्छेतून आलेत.

कारखान्याचा आकडा: १६५ हॉर्सपॉवर, ४००० आरपीएमवर. आठ सिलिंडर, पावणेसहा लिटरचं इंजिन आणि १६५! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मन खट्टू झालं होतं. मग १९७१ चा तक्ता मिळाला. त्यात हेच टू-बॅरल ३५० इंजिन २४५ हॉर्सपॉवर म्हणून छापलंय. इंजिन तेच, मोजायची रीत बदलली. आधी ग्रॉस आकडा द्यायचे: इंजिन स्टँडवर, एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, फॅन-अल्टरनेटरचं ओझं नाही. १९७२ पासून नेट आकडा आला, म्हणजे गाडीत बसल्यावर असतं तसं सगळं लावून मोजलेला. त्याआधी, १९७१ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने कमी ऑक्टेनचं पेट्रोल चालावं म्हणून कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) उतरवलं होतं, त्यामुळे काही ताकद खरीखुरी गेलीही. पण १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ चे ते प्रसिद्ध ४५० हॉर्सपॉवर ग्रॉस आहेत, हे लक्षात ठेवलं की आजच्या गाडीशी तुलना करताना फसगत होत नाही. आपल्याला खरा उपयोग चाकावर मोजलेल्या आकड्याचा. काही बदलायच्या आधी मी गाडी चासिस डायनोवर, म्हणजे चाकावरची ताकद मोजायच्या यंत्रावर, नेली होती. चाकावर १२८ भरले. गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल मिळून अंदाजे पंधरा-वीस टक्के खातात, ते धरलं तर कारखान्याने खोटं लिहिलं नव्हतं.

पहिल्या वेळी काय केलं ते सांगतो. कॅम निवडला तो आवाजावरून. सिग्नलला उभी असताना इंजिन जे डुचमळतं, धक-धक-थांब-धक, तो आवाज मला लहानपणापासून हवा होता. कॅमचं ड्युरेशन, म्हणजे क्रँक किती अंश फिरेपर्यंत तो व्हॉल्व्ह उघडा ठेवतो ते, लिफ्टर ५० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) उचलल्यावर मोजलेलं, २४० अंश. त्यावर सिंगल-प्लेन, म्हणजे जास्त आरपीएमला मानवणारं, इनटेक मॅनिफोल्ड, त्यावर ७५० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा) कार्ब्युरेटर. खाली मात्र कारखान्याचीच हेडं (सिलिंडरांवरची व्हॉल्व्हची झाकणं), ७६ सीसीच्या ज्वलन-चेंबरची, कारखान्याचेच खळग्याचे पिस्टन, मूळ टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा दुवा) आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये २.७३ चा गिअर. प्रत्येक पार्टच्या खोक्यावर वाढीव हॉर्सपॉवरचा दावा होता आणि मी त्या दाव्यांची बेरीज मनात धरून बसलो होतो.

डायनोवर १७१ आले. ५४०० आरपीएमवर. कागदावर त्रेचाळीसची वाढ. पण दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर ३२०० आरपीएमच्या खाली नवी रेघ जुन्या रेघेच्या खाली होती, आणि थोडीथोडकी नाही. सिग्नल सुटला की गाडी आधी जडपणे सरकायची, मग बऱ्याच वेळाने जाग आल्यासारखी धावायची. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर एका साध्या मिनीव्हॅनने मला पहिल्या शंभर फुटांत मागे टाकलं.

त्याहून वाईट म्हणजे ब्रेक. पॉवर ब्रेक चालतात इंजिनच्या व्हॅक्युमवर. आयडलला मूळ इंजिन पाऱ्याचे अठरा-एकोणीस इंच ओढायचं, नवं नऊ. एका संध्याकाळी सलग दोन सिग्नल लागले, दुसऱ्याला पेडल दगडासारखं कडक झालं. मी दोन्ही पायांनी दाबून गाडी उभी केली. पुढच्या गाडीच्या बंपरपासून हातभर. मुलगी शेजारी बसली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या रस्त्यावर एक वयस्कर गृहस्थ राहतात, आयुष्यभर इंजिनच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकही पार्ट सुचवला नाही. फक्त विचारलं, गाडी किती आरपीएमला चालते? मी म्हटलं, सहा हजारांपर्यंत जाते. ते म्हणाले, जाते कुठवर ते नाही विचारलं, चालते कुठे?

मग आम्ही ते मोजलं. आठवडाभर मी गाडी चालवायचो आणि मुलगी टॅकोमीटरकडे बघत दर पंधरा सेकंदांनी वहीत आकडा लिहायची. वही अजून आहे. बहुतेक आकडे १५०० ते ३२०० मधले. चार हजारांच्या वर पानाला दोन-तीन. पाच हजारांच्या वर आठवड्यात एकूण सात. म्हणजे मी जे इंजिन बांधलं होतं, ते आठवड्यातल्या सात नोंदींसाठी.

हॉर्सपॉवर वेगळं मोजता येत नाही, ते टॉर्कवरून, म्हणजे क्रँक फिरवणाऱ्या जोरावरून, काढतात: पाउंड-फुटांतला टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२. म्हणून दोन्हींची मोजपट्टी एकच असेल तर कुठल्याही डायनोच्या कागदावर दोन्ही रेघा ५२५२ वर एकमेकींना छेदतात. छेदत नसतील तर कागद चुकलाय. यातून उघडच आहे की आकडा फुगवायचा सोपा मार्ग म्हणजे टॉर्क आहे तेवढाच ठेवून तो जास्त आरपीएमवर नेणं. ट्रॅकवर पाव मैल मारणाऱ्याला ते चालतं, त्याची सुई पाच-सहा हजारांवरच असते. रस्त्यावरच्याला मधल्या पट्ट्यातला टॉर्क लागतो. मोठा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. वेगात हवेच्या प्रवाहाला जोर असतो, त्यामुळे पिस्टन वर यायला लागल्यावरही सिलिंडर भरत राहतो. पण कमी आरपीएमला तो जोर नसतो, वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. माझं कॉम्प्रेशन मुळातच साडेआठच्या आतलं, त्यात ही गळती. इंजिन खाली मेल्यासारखं का वागत होतं, ते त्या वहीने आणि या एका वाक्याने समजलं.

तर दुसऱ्यांदा बांधताना पहिली ओळ लिहिली: १५०० ते ५५००. नंतरचा प्रत्येक पार्ट या पट्ट्यात बसतो का, एवढंच बघायचं.

लोखंडाचा चुरा तेलातून सगळीकडे फिरला होता, त्यामुळे इंजिन तळापर्यंत उघडून धुणं भाग होतं. बेअरिंगांवर ओरखडे होते, क्रँक सुदैवाने नुसता पॉलिश करून भागला. सिलिंडर ३० थाऊंनी बोअर करावे लागले. इथे मोठा प्रश्न आला, ३८३ करायचं का? ३५० च्या ब्लॉकमध्ये बोअर ४.०३० इंच आणि ४०० क्युबिक इंची इंजिनच्या मापाचा पावणेचार इंची स्ट्रोक (पिस्टनची धाव) घातला की ३८३ क्युबिक इंच होतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा फार शहाणा पर्याय आहे. टॉर्क खालपासून मिळतो आणि बाहेरून इंजिन तसंच दिसतं. ज्याला क्रँक बदलावाच लागणार आहे त्याने दुसरा विचारच करू नये. माझा क्रँक मात्र उत्तम होता. नवा क्रँक, रॉड, सगळ्याचं बॅलन्सिंग, रॉडचे बोल्ट आदळू नयेत म्हणून ब्लॉकच्या कडा घासणं, या सगळ्याचा खर्च मांडला आणि तोच पैसा हेडांत घालायचं ठरवलं. मूळ स्ट्रोक ठेवून बोअर वाढवल्यावर ३५५ झाले.

हेडांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण स्मॉल-ब्लॉक शेवरोलेत, म्हणजे ३५० ज्या घराण्यातलं त्या इंजिनांत, पैसा पहिला तिथे जायला हवा असं माझं ठाम मत झालंय. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. सत्तरच्या दशकातल्या या हेडांचे पोर्ट अरुंद, चेंबर ७६ सीसीचे मोठे आणि पसरट. मोठ्या चेंबरमुळे कॉम्प्रेशन पडतं, पसरट चेंबरमुळे ज्वाला हळू पसरते. नव्या ॲल्युमिनियम हेडांत ६४ सीसीचे चेंबर, १७० सीसीचे इनटेक पोर्ट आणि २.०२ इंचाचे इनटेक व्हॉल्व्ह मिळतात. पोर्ट आणखी मोठे घ्यावेत असा मोह होतो. पण पोर्ट जितका मोठा तितका कमी आरपीएमला हवेचा वेग कमी, आणि माझी वही १५०० ते ३२०० म्हणत होती. १७० पुरे.

ज्यांना ॲल्युमिनियम परवडत नाही त्यांनी १९९६ नंतरच्या शेवरोले ट्रकांची व्हॉर्टेक हेडं शोधावीत. ओतीव लोखंडाची, तीही ६४ सीसीची, प्रवाह फार चांगला. दोन गोष्टी मात्र आधी बघून घ्या. त्यांना इनटेक मॅनिफोल्ड वेगळं लागतं, जुन्याला बारा बोल्ट असतात, यांना आठ. आणि मूळ स्प्रिंगा-रिटेनरवर कॅमची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते) अर्ध्या इंचापर्यंतही नेता येत नाही, त्याच्या आधीच रिटेनर गाइडला टेकतो. स्प्रिंगांचं काम करून घेतलं तर हरकत नाही.

कॉम्प्रेशनचा हिशोब मी स्वयंपाकघराच्या टेबलावर तीनदा केला. एका सिलिंडरचं आकारमान ७२७ सीसी. चेंबर ६४, फ्लॅट-टॉप पिस्टनवरच्या व्हॉल्व्हच्या खाचा ६, हेड गॅस्केट ३९ थाऊ जाडीचं म्हणजे साडेआठच्या आसपास. राहिलं पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या माथ्यापासून किती खाली राहतो ते. कारखान्यात साधारण २५ थाऊ ठेवलेले असतात. तसंच ठेवलं असतं तर ९.७ आलं असतं, काही वाईट नाही. पण तेव्हा पिस्टनचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यात ६४ थाऊंची फट राहते, आणि त्या फटीतलं मिश्रण उशिरा, वेडंवाकडं जळून नॉकिंग (इंजिनला इजा करणारा खडखडाट) करतं. मशिन शॉपमध्ये ब्लॉकचा माथा २० थाऊ उतरवून घेतला. फट ४४ वर आली. आता पिस्टन वर येताना त्या कोपऱ्यातलं मिश्रण जोरात पिळून मधे ढकलतो, ते घुसळतं आणि झटकन जळतं. कॉम्प्रेशन १०.१. म्हणजे कॉम्प्रेशन वाढवूनही नॉकिंगची भीती वाढली नाही, कारण फट कमी झाली आणि ॲल्युमिनियम उष्णता लवकर ओढून घेतं. आमच्याकडे पंपावर ९३ ऑक्टेन मिळतं. जिथे ९१ च्या वर मिळत नाही तिथे मी थोडा खालीच राहिलो असतो.

कॅम या वेळी हायड्रॉलिक रोलर घेतला, म्हणजे ज्याच्या लिफ्टरच्या तळाला घासण्याऐवजी फिरणारं चाक असतं. चमचा झालेला लिफ्टर अजून वर्कबेंचवर ठेवलाय, तो बघून फ्लॅट कॅम पुन्हा घ्यायची हिंमत झाली नाही. रोलर महाग पडतो, आणि १९८७ च्या आधीच्या ब्लॉकमध्ये त्याची सोय नसते. लिफ्टर फिरू नयेत म्हणून जोडीजोडीने पट्टीने बांधलेले लिफ्टर लागतात, कॅम पुढे सरकू नये म्हणून टायमिंग कव्हरच्या आत एक बटण लागतं, आणि डिस्ट्रिब्युटरचा गिअर कॅमच्या धातूशी जुळणारा बघावा लागतो. हे सगळं आधी विचारून घ्या, अर्धं इंजिन बांधल्यावर कळलं तर काम अडतं. ड्युरेशन ५० थाऊंवर इनटेक २१८, एक्झॉस्ट २२४, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधला कोन) ११२. पहिल्या कॅमपेक्षा कागदावर केवढा तरी लहान. रोलरमुळे व्हॉल्व्ह उघडायचा-मिटायचा वेग जास्त ठेवता येतो, त्यामुळे तेवढ्याच अंशांत जास्त हवा आत येते. बसवताना डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती) लावून तपासला. मुलगी डायल इंडिकेटर वाचत होती, मी क्रँक फिरवत होतो. दोन अंशांचा फरक निघाला, टायमिंग सेटच्या दुसऱ्या खाचेत टाकून तो काढला. या तपासणीला दीड तास लागतो आणि बहुतेक जण ती टाळतात. टाळू नका.

कार्ब्युरेटरच्या बाबतीत माझं पहिल्या वेळी नाकापेक्षा मोती जड झालं होतं. हिशोब सरळ आहे: क्युबिक इंच गुणिले सर्वोच्च आरपीएम भागिले ३४५६. ३५५ गुणिले ५५०० भागिले ३४५६ म्हणजे ५६५ सीएफएम, तेही सिलिंडर शंभर टक्के भरतात असं धरून. मग ७५० कशाला? होली कंपनीचा ६०० चा, व्हॅक्युम सेकंडरीचा, म्हणजे मागची तोंडं इंजिनच्या गरजेप्रमाणे आपोआप उघडणारा, लावला. मॅनिफोल्ड ड्युअल-प्लेन, एडेलब्रॉक कंपनीचं, १५०० ते ६५०० च्या पट्ट्याचं. हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे) १ ५/८ इंची नळ्यांचे, मागे अडीच इंची दुहेरी पाइप आणि मधे दोन्ही पाइपांना जोडणारी आडवी नळी. इथे फार खल करण्यासारखं काही नाही. नवा मेकॅनिकल पंप आणि ३/८ इंची पेट्रोलची नळी मात्र आधीच घातली. पेट्रोल कमी पडून वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ झालं तर पिस्टन जातो, तेव्हा वरातीमागून घोडं नको.

इग्निशनकडे लोक दुर्लक्ष करतात आणि त्यात फुकटची ताकद असते. सुरुवातीचं टायमिंग, म्हणजे पिस्टन माथ्यावर यायच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते, १४ अंश, सगळं मिळून ३५, आणि ते २८०० आरपीएमपर्यंत पूर्ण यायला हवं. डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंगा बदलून बदलून एक अख्खा शनिवार गेला. व्हॅक्युम ॲडव्हान्स (हलक्या थ्रॉटलला ठिणगी आणखी लवकर पाडणारी जोडणी) काढून टाका असा सल्ला बरेच देतात. रस्त्यावरच्या गाडीत तो ठेवाच. हलक्या थ्रॉटलला मिश्रण पातळ असतं, हळू जळतं, त्याला लवकर ठिणगी लागते. पेट्रोलही वाचतं आणि इंजिन थंडही राहतं.

मग टॉर्क कन्व्हर्टर २४०० स्टॉलचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनला तेवढ्या आरपीएमपर्यंत चढू देणारा, आणि मागे ३.४२ चा गिअर. मला कुणी विचारलं की पहिला डॉलर हेडांत, तर दुसरा कुठे, तर मी गिअर सांगेन. २.७३ वरून ३.४२ म्हणजे चाकापर्यंत पोहोचणारा टॉर्क प्रत्येक गिअरमध्ये सव्वापट. इंजिनला स्पॅनरसुद्धा न लावता. किंमत हायवेला मोजावी लागते. २६ इंची टायरवर ताशी ७० मैलांना पूर्वी अडीच हजारांच्या आत चालायचं, आता ३१०० ला घोंघावतं. ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स घातला की तेही सुटेल.

सुपरचार्जर किंवा नायट्रस, म्हणजे इंजिनमध्ये जादा हवा किंवा ऑक्सिजन कोंबायचे उपाय, का नाही, असं दोघा-तिघांनी विचारलं. साध्या ओतीव पिस्टनवर मला ते नको होतं. आणि एलएस, म्हणजे जनरल मोटर्सचं पुढच्या पिढीचं व्ही-८? आजच्या घडीला सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त ताकद हवी असेल तर भंगारातल्या ट्रकचं ५.३ लिटरचं एलएस घराण्यातलं इंजिन हेच प्रामाणिक उत्तर आहे, त्याची हेडं जुन्या स्मॉल-ब्लॉकला जमत नाहीत इतकी हवा ओढतात. माझ्या ब्लॉकवर ३९७००१० लिहिलंय म्हणून मी त्या वाटेने गेलो नाही, दुसरं कारण नाही. नियमांचंही बघा. मिशिगनमध्ये धुराची नियमित तपासणी होत नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग चेकमधून सूट आहे, १९७६ आणि पुढच्यांना नाही. तिथे तुमची गाडी सत्त्याहत्तरची असेल तर पार्टला त्यांच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा ईओ नंबर (मंजुरीचा क्रमांक) आहे का ते विकत घेण्याआधी तपासा.

हे सगळं करण्यापूर्वी, म्हणजे इंजिन अजून स्टँडवर असताना, पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले. १९७२ च्या साध्या मालिबूला पुढेही ड्रमच असत. त्या संध्याकाळनंतर याचा क्रम माझ्या यादीत कधीच दुसरा नव्हता.

एप्रिलच्या शेवटी इंजिन सुरू केलं. रोलर असल्यामुळे ती अडीच हजारांवर धरून ठेवायची कसरत नव्हती. तरी मी आयडलवर रेंगाळू दिलं नाही, रिंगा बसाव्यात म्हणून लगेच रस्त्यावर काढून चढावर ओढली, उतारावर सोडली. परत आल्यावर मुलीने व्हॅक्युम गेजची नळी लावली. बोनेटवर वाकून ती किती तरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सोळा. सोळावर आहे बाबा, हलतच नाहीये." आवाज मला हवा होता तसा अगदी नाही. हलकीशी लय आहे, जवळ उभं राहिलं तर ऐकू येते. मला आता तीच आवडते.

डायनोवर चाकाला २९१ हॉर्सपॉवर, ५४०० वर. टॉर्क ३१८ पाउंड-फूट, ३७०० वर. त्या जागेच्या माणसाने कागद हातात दिला तेव्हा मी २९१ कडे आधी बघितलंच नाही. डावीकडची, २००० ची उभी रेघ शोधली. तिथे टॉर्क मूळ इंजिनपेक्षा ४६ ने जास्त होता, आणि पहिल्या वेळच्या माझ्या जोडणीपेक्षा जवळजवळ शंभरने.

शेजारच्या गृहस्थांना फेरी मारून आणलं. वुडवर्डवर सिग्नल सुटल्यावर अर्धाच थ्रॉटल दिला, मागचे टायर किंचित सरकले आणि गाडी सरळ निघाली. ते काही बोलले नाहीत, फक्त डॅशबोर्डवर दोन बोटांनी टकटक केलं. परतताना त्यांनी सांगितलं की प्लग काढून रंग बघ, पाच आणि सात नंबरचे सिलिंडर जरा जास्त गरम चालत असतील. खरंच होतं. या इंजिनात ते दोघे लागोपाठ पेटतात, १-८-४-३-६-५-७-२. त्या दोघांच्या वायरी एकमेकींना समांतर खेटून गेल्या होत्या, एकीची ठिणगी दुसरीत जाऊ नये म्हणून त्या वेगळ्या केल्या.

पाचशे मैलांनंतर तेल बदललं. फिल्टर कापला, कागद सोडवला, शेगड्यात पिळला. मुलीने दारात जाऊन तो उन्हात धरला आणि मागून चुंबक फिरवला. रिंगा बसतानाची थोडी काळपट धूळ होती, अपेक्षितच. ती एकेक घडी उलटत शेवटपर्यंत गेली. मग कागद माझ्या हातात देऊन हात पुसायला फडकं शोधू लागली.